पांढरे मोजे

"कॉफी आहे," ती बाई म्हणाली आणि तिनं ब्लँकेट काउंटरवर असं आपटलं की जणू कॉफी मीच सांडली होती. "सासूबाईंच्या मांजरानं कप पाडला. ते मांजर उद्या जातंय घरातून. आमचे हे त्याला गोदामात सोडणार आहेत. सुटलो म्हणायचं. ब्लँकेट तेवढं वाचवा, पाचला येते." मी पावती फाडली. माझं अक्षर पाहून तिनं भुवया उंचावल्या, तेव्हा ती शाळेत शिकवत असणार याची खात्री पटली. ती गेल्यावर मी डागांच्या टेबलावर दिव्याखाली ब्लँकेट पसरलं. कॉफीचा डाग साधा होता, दुधाचा, कालचा, पोरासोरांनी काढावा असा. पण एका कोपऱ्यात लोकर दबून गोल खळगा पडला होता, त्यात बारीक राखाडी केस होते, आणि केसांच्या मुळाशी मिरपूड सांडल्यासारखे काळे कण. दुसऱ्या कुणी झटकून टाकले असते. मी ड्रॉपरनं एका कणावर थंड पाण्याचा थेंब सोडला. थेंब क्षणभर स्वच्छ राहिला, मग कणाभोवती तांबूस कड आली, ती पसरली आणि अख्खा थेंब लाल झाला. ड्रॉपर हातातून सुटून फरशीवर पडला. इस्त्रीवाल्यानं वाफेतून मान वर केली. "काय झालं, डागवाले?" मी म्हटलं, "काही नाही." हे 'काही नाही' आमच्या घरात फार जुनं आहे.

बावीस वर्षं मी या लाँड्रीत डाग काढतोय. दुकानात मला नावानं कुणी हाक मारत नाही, मालकसुद्धा डागवालेच म्हणतात, आणि मला त्याचा अभिमान आहे, म्हणजे होता. माणसं काउंटरवर वाटेल ते सांगतात. पेनाच्या शाईला रंग म्हणतात, उलटीला सूप म्हणतात. कपडा मात्र खरं सांगतो. मी डाग बघून तो किती दिवसांचा, कशाचा, आधी घरी गरम पाणी ओतून कुणी त्याची वाट लावली, हे सगळं सांगू शकतो. रक्ताला थंड पाणी, हे तर पहिल्या दिवशी शिकवतात. गरम पाणी ओतलं की रक्त कपड्यात शिजतं आणि मग जन्मात निघत नाही. एवढं सगळं ज्याला कळतं त्या माणसाच्या घरात सव्वा महिना रोज सकाळी पांढऱ्या मोज्यांवर रक्ताचे ठिपके पडत होते आणि त्याला पत्ता नव्हता. ते मोजे माझ्या वडिलांचे, अप्पांचे होते. अप्पा गेल्या वर्षी ताईकडे, माझ्या बहिणीकडे, गेले आणि तिथंच वारले. त्यांना सांगायचं एक वाक्य माझ्याकडे होतं. टेलिफोन होता, चार महिन्यांचे रविवार होते, आणि तरी ते वाक्य माझ्याकडेच राहिलं. ब्लँकेटवरचा थेंब वाळत होता. पाचला ती बाई येईल तेव्हा तिला सांगायचं की नाही, एवढाच आता प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाला दिवसभर पुरेल इतकं काम माझ्यापुढे पडलं होतं.

आई गेल्यावर अप्पा आमच्याकडे राहायला आले ते एक पेटी आणि दोन मांजरं घेऊन. ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म दुकानदारांची वजनं तपासण्यात गेला होता, त्यामुळे कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय त्यांचा जीव शांत होत नसे. आमच्या जिन्याच्या पायऱ्या अठ्ठ्याहत्तर आहेत, हे मला अकरा वर्षं त्या चढून माहीत नव्हतं, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मांजरांतला बोका करड्या रंगाचा, जाडजूड. तो खुर्चीवर असा बसायचा की आपण अर्ज घेऊन उभे आहोत असं वाटावं, म्हणून त्याला सगळे साहेब म्हणायचे. दुसरी ठिपकी, अंगानं काटकुळी, कान फाटलेला, अप्पांच्या पायांत घोटाळणारी. बायको सुरुवातीला नाक मुरडून होती. पण ही मांजरं चौथ्या मजल्यावरून खाली कधी उतरलीच नाहीत. अप्पा रोज सकाळी गॅलरीत पाट घेऊन बसायचे आणि बारीक दातांच्या कंगव्यानं दोघांना विंचरायचे, कंगवा उजेडाकडे धरून बघायचे, मग पुसून ठेवायचे. सात महिन्यांनी बायकोच म्हणाली, "अहो, तुमच्यापेक्षा ही दोघं स्वच्छ आहेत." मी हसलो. मनातून ते मला लागलं होतं, हेही सांगून टाकतो.

मग मी गालिचा आणला. आमच्या दुकानात न्यायला कुणी आलंच नाही अशा वस्तूंचं एक कपाट असतं. लोक गाव बदलतात, मरतात, विसरतात. वर्ष उलटलं की मालक म्हणतात, घेऊन जा ज्याला हवं ते. तो गालिचा निळा होता, कडेला पिवळी वेल, मऊ. मुलीच्या खोलीतली फरशी गार असते आणि तिला अनवाणी हिंडायची खोड, म्हणून मी तो उचलला. दुकान बंद झाल्यावर स्वतः ब्रश मारला, वाफ दिली, रंग असा उजळला की इस्त्रीवालासुद्धा बघत राहिला. पण वाफ दिली ती वरून. उलटा करून मागची बाजू मी पाहिली नाही. घाई होती, मुलगी झोपायच्या आत तो अंथरायचा होता. बावीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या एकाही गालिच्याला मी असं वरवर सोडलेलं नाही. स्वतःच्या घरचा, म्हणून सोडला. मुलगी त्याच्यावर लोळली, साहेब येऊन मधोमध बसला, अप्पा म्हणाले, "छान आहे रे. कुणाचा होता?" मी म्हटलं, "कुणाचा का असेना." पंधरा दिवसांनी मुलीच्या पोटऱ्यांवर तीन-तीनच्या रांगेत लाल पुळ्या उठल्या.

डास असतील म्हणून आठवडा गेला. मग एकदा बायको भाजी निवडत असताना तिच्या साडीवरून काहीतरी टुणकन उडालं. तिनं किंचाळून ताट उलटं केलं. पिसू. चौथ्या मजल्यावरच्या, रोज पुसलेल्या, डागवाल्याच्या घरात पिसू. मला जी लाज वाटली ती कशी सांगू. दुकानात कुणाला कळलं तर मी कुणाच्या कोटावर हात ठेवायचा? लाजेला लगेच कुणीतरी धरायला लागतं, आणि मांजरं समोरच होती. जेवताना मी म्हटलं, "मांजरं जायला हवीत." अप्पांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "अरे, मांजरांना काढून पिसवा जात नाहीत. त्यांना मानेवर औषध लावायचं आणि घरातच ठेवायचं. मी वाचलंय. उलट मांजर नसलं की त्या..." मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "अप्पा, मांजरांची वकिली नको. पोरीचे पाय बघा आधी." त्यांनी पाहिले. मुलीनं पाय टेबलाखाली ओढून घेतले. अप्पा म्हणाले, "बरं." हा त्यांचा शब्द. नोकरीत ज्यांनी भल्याभल्या व्यापाऱ्यांपुढे मान तुकवली नाही ते माझ्यापुढे, माझ्या घरात, 'बरं' म्हणून गप्प बसायचे, आणि मला वाटायचं, पटलं त्यांना. खरं तर पाहुणा जसा दुसऱ्याच्या घरी बोलतो तसं ते बोलत होते. मी त्यांना दीड वर्ष पाहुणाच ठेवलं होतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो.

मांजरं नेली त्या सकाळी अप्पांनी दोघांना नेहमीसारखं विंचरलं, टोपलीत घातलं, झाकण दोरीनं बांधलं आणि कंगवा माझ्या हातात दिला. "तिथल्या माणसाला दे. साहेबाला पाठीवर गाठी होतात." मी कंगवा कोटाच्या खिशात टाकला. दुकानाच्या गाडीतून, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांमधून, मी टोपली गावाबाहेरच्या कागदाच्या गोदामावर नेली. गोदामात उंदीर झालेत, मांजरं पाहिजेत, असं तिथला पहारेकरी म्हणाला होता. रस्ताभर टोपलीतून आवाज आला नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. झाकण काढल्यावर ठिपकी वीज चमकावी तशी गठ्ठ्यांमागे पळाली. साहेब बाहेरच येईना. टोपलीत बसून माझ्याकडे पाहत राहिला. मी टोपली वाकडी केली, तरी नखं रोवून बसला, शेवटी उलटी करून झटकली. पहारेकरी हसला, "मोठे साहेब दिसतात!" मी म्हटलं, "नावच ते आहे." आणि आम्ही दोघं हसलो. कंगवा खिशातच राहिला. तो अजून माझ्याकडे आहे, दुकानात, ड्रॉपरच्या डब्यात. मखमलीची लव उभी करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. रोज वापरतो.

मांजरं गेली आणि पिसवांचा कहर झाला. आता बायकोचे घोटे, माझी कंबर, मुलीची मान. मी फवारणीचा पंप आणला, नाकाला रुमाल बांधून घरभर फवारलं, कोपरा सोडला नाही. हळूहळू चावे कमी होऊ लागले. आधी मुलीचे थांबले, मग बायकोचे. मी दुकानात इस्त्रीवाल्याला ऐटीत सांगितलं की घरातल्या डासांचा बंदोबस्त केला. डासच म्हटलं. याच दिवसांत अप्पा बदलले. त्यांनी पांढऱ्या सुती मोज्यांचे सहा-सात जोड आणले, उन्हाळा असताना. पहाटे उजाडता उजाडता उठून ते मोजे घालून घरभर हळूहळू चालायचे. स्वयंपाकघर, बोळ, बैठकीची खोली, पुन्हा बोळ. मधेच थांबायचे, एका जागी पाय हळूच आपटायचे, वाकून घोट्यांकडे बघायचे, पुन्हा चालायचे. न्हाणीघरातल्या त्यांच्या साबणाच्या वडीवर काळे ठिपके दिसायला लागले. मला किळस आली, मी दोनदा वडी फेकली, त्यांनी दोनदा नवी आणली. आणि त्यांच्या खाटेजवळच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात पेन्सिलीनं आकडे. एकेचाळीस. अडतीस. चाळीस. सत्तावीस. बायको हलकेच म्हणाली, "अहो, अप्पांचं काहीतरी होतंय. परवा मी विचारलं, काय करताय, तर म्हणाले, फेरी मारतोय." मी म्हटलं, "वय झालं." हे म्हणताना मला कसला तरी दिलासा वाटला. माणूस भ्रमिष्ट झाला की त्याच्या मांजरांचा हिशेब कुणी मागत नाही.

ती पहाट मला अशी आठवते की त्यात मी स्वतःला बाहेरून बघतो, दारात उभा. तहान लागली म्हणून उठलो होतो. मुलीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. खिडकीत राखी उजेड. मुलगी पालथी झोपलेली, एक पाय पांघरुणाबाहेर. आणि निळ्या गालिच्यावर अप्पा, धोतर गुडघ्यापर्यंत वर धरून, पांढऱ्या मोज्यांत, एका जागी उभ्या उभ्या पाय आपटताहेत. हळू, मुलीची झोप मोडू नये इतकं हळू. चेहऱ्यावर इतकी एकाग्रता की मला भीती वाटली. मी दबक्या आवाजात पण दात आवळून म्हणालो, "अप्पा, तुमचं डोकं ठिकाणावर नाही. पोरीच्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग झोपलेल्या मुलीकडे पाहिलं, तिच्या उघड्या पायाकडे, आणि धोतर सोडलं. "बरं," म्हणाले. माझ्या अंगाला अंग लागू नये म्हणून भिंतीला चिकटून ते दारातून बाहेर गेले. मी त्याच दिवशी दुपारी ताईला फोन केला, "थोडे दिवस तुझ्याकडे ने, आम्हाला जमत नाही." ताई रविवारी आली. अप्पांनी पेटी स्वतः भरली. निघताना मुलीला म्हणाले, "चपला घालून हिंडत जा." मला म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर पायऱ्या, सांभाळून."

चार दिवसांनी बायकोनं त्यांची खोली आवरली आणि मोज्यांचं बोचकं माझ्या हातात दिलं. "खाटेखाली होतं. बघा हे डाग निघतात का, नाहीतर फेकून द्या." घोट्यापाशी सगळ्यांवर काळे बारीक ठिपके. म्हातारपणी माणूस गबाळा होतो, असं मनाशी म्हणत मी दुकानात थंड पाण्याचं घमेलं भरलं आणि सात जोड त्यात सोडले. पाणी लाल झालं. हळूहळू नाही, बघता बघता. मी घमेल्यापुढे उभा राहिलो. हाताला जी सवय होती ती मात्र थांबली नाही, एकीकडे माझी बोटं मोजे चोळत होती, पाणी बदलत होती, डाग काढत होती. शेवटचा जोड निघाला तेव्हा सगळे पांढरे शुभ्र झाले होते. तेवढ्यात जनावरांचे डॉक्टर त्यांचे पांढरे कोट न्यायला आले. ते आमचे जुने गिऱ्हाईक. मी त्यांना घमेल्यातला तळाचा गाळ दाखवला. ते हसले. "ही पिसवांची विष्ठा. वाळलेलं रक्तच असतं, पाणी लागलं की लाल. मोजे कुणाचे? हुशार माणूस दिसतोय. पिसवा कोषात दडून बसतात, महिनोन् महिने. पावलांची थरथर लागली की बाहेर पडतात आणि पहिलं जे ऊबदार मिळेल त्यावर उडी मारतात. पांढरे मोजे घालून फिरायचं, दिसली की ओल्या साबणाच्या वडीनं टिपायची. जुनी युक्ती आहे. पण चावून घ्यावं लागतं हो." मी विचारलं, "आणि मांजर?" "मांजर असेल तर हे कशाला करायचं? मांजराच्या मानेवर औषध लावा आणि घरभर फिरू द्या, पिसवा त्याच्यावर चढतात आणि मरतात. मांजर काढलंत की काय घरातून?" ते कोट हातावर टाकत म्हणाले, "सगळे हेच करतात. मांजर घालवलं की मग माणसाला मांजर व्हावं लागतं." दारात थांबून त्यांनी आणखी विचारलं, "मांजरं बाहेर जायची का?" "नाही." "मग पिसवा आणल्या कुणी? जुनं सामान वगैरे आणलं होतं का?"

मी घरी गेलो आणि गालिचा उलटा केला. मागच्या विणीत तांदळाच्या कणीसारखे पांढरट कोष होते. बरेचसे रिकामे. ज्या एका जागी अप्पा उभे राहायचे तिथली वीण दबलेली होती, दोन पावलांची. त्यांना कळलं होतं. गालिच्यातून येतात हे त्यांना कधीतरी कळलं होतं, आणि तो मी आणलेला होता, मी त्याचा एवढा तोरा मिरवला होता, म्हणून ते बोलले नाहीत. मुलगी उठायच्या आत तिच्या वाटच्या पिसवा ते स्वतःच्या पायांवर घेत होते. मी कॅलेंडरपुढे जाऊन उभा राहिलो. सत्तावीस. एकोणीस. बावीस. बारा. सात. चार. चार. तीन. आणि मी त्यांना खोलीतून हाकललं त्या सकाळच्या चौकोनात, एक. त्यापुढे कोरं.

दुसऱ्या दिवशी गोदामावर गेलो. ठिपकी गठ्ठ्यांवर बसलेली मिळाली, हाडाचा सापळा झालेली. साहेब नव्हता. पहारेकरी म्हणाला, "तो मोठा? तिसऱ्या दिवशीच गेला. काही खाईना. फाटकापाशी बसून असायचा, तुमची गाडी गेली त्या बाजूला तोंड करून." ठिपकीला घरी आणलं, डॉक्टरांकडून औषध लावून घेतलं. आणि मग मी ठरवलं की साहेब मिळाला की अप्पांना सांगायचं. दोन्ही मांजरं आणली, अप्पा, चुकलो, घरी चला. असं सांगणं शोभलं असतं. एकच मांजर घेऊन काय तोंड दाखवायचं? हे मी स्वतःला इतकं पटवलं होतं की त्यात चार महिने गेले. सकाळी-संध्याकाळी गोदामाच्या बाजूला चकरा मारत होतो, आणि दर रविवारी अप्पांशी फोनवर हवापाण्याचं बोलत होतो. ताईनं एकदा विचारलं, "तुझ्या घरात काय चावत होतं रे त्यांना? घोट्यांवर तिळाएवढी जागा नाही उरलेली. त्यांना विचारलं तर सांगत नाहीत." मी म्हणालो, "डास." एका रविवारी फोन ठेवायच्या वेळी अप्पा थांबले. मग त्यांनी विचारलं, "किती आहेत आता?" मला कळलं होतं. न कळायला मी आता पूर्वीचा उरलो नव्हतो. मी म्हणालो, "काय किती?" "काही नाही," ते म्हणाले. "बरं." पुढच्या गुरुवारी ताईचा फोन आला. सकाळी मोजे घालता घालता खाली कोसळले, म्हणाली. तिकडेही नवे मोजे आणून ते रोज घालत, हे मला नवीन होतं. तिच्या घरात तर पिसवा नव्हत्या.

पाचला ती बाई आली. मी ब्लँकेट घडी करून ठेवलं होतं. कॉफी गेली होती. ते कण मात्र मी काढले नव्हते, आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाचा डाग जाणूनबुजून ठेवला. कोपरा उलगडून दाखवला. "तुमच्या घरात पिसवा झाल्यात," म्हटलं. तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिच्या घराण्याला शिवी दिली होती. "आमच्या? आमचं घर येऊन बघा एकदा! तुमच्याच दुकानातून आल्या असतील." "आल्या असतील," मी म्हणालो, "माझ्या घरी तशाच आल्या होत्या. पण मांजर नेऊ नका. औषध लावा आणि घरातच ठेवा. सासूबाईंना विचारा, त्यांना माहीत असेल." "सासूबाईंना काय कळतंय? आज सकाळपासून मांजराला मांडीवर घेऊन बसल्यात, बोलत नाहीत." "नेऊ नका हो!" माझा आवाज इतका चढला की इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी केली आणि मालक आतून बाहेर आले. बाईनं ब्लँकेट काखेत मारलं. "तुम्ही डाग काढा, बाकीचं आमचं आम्ही बघू." दारापर्यंत गेली. तिथं थांबली. वळली नाही, पण थांबून विचारलं, "कसलं औषध?" मी डॉक्टरांचा पत्ता सांगितला. तिनं ऐकला की नाही, कोण जाणे. कंगवा देऊन टाकावा असं वाटलं होतं. माझा हात डब्यापर्यंत गेलाही होता. दिला नाही. तेवढं मोठं मन माझं नाही.

घरी आलो तेव्हा बायको बाहेर गेली होती. मुलगी तिच्या खोलीत अभ्यासाला बसली होती. मी कपाटातून अप्पांचे मोजे काढले. सात जोड, माझ्याच हातांनी निर्मळ केलेले. ते ताईकडे जाताना का घेऊन गेले नाहीत हे मी कितीदा स्वतःला विचारलंय. एक जोड घातला. मला तोकडे होतात. स्वयंपाकघर, बोळ, बैठकीची खोली, पुन्हा बोळ. हळूहळू. मधे थांबून पाय आपटायचे. ठिपकी खिडकीतून उतरली आणि माझ्यामागे चालायला लागली. घरी आणल्यापासून एक दिवस ती माझ्यामागे आली नव्हती. मुलीच्या खोलीत आता नुसती फरशी आहे, गालिचा मी तेव्हाच जाळला. पण जागा मला माहीत आहे. तिथं उभा राहिलो, पाय आपटत राहिलो, आणि मनात एकच होतं की ती यावी. कॅलेंडरवर राहिलेली ती एक. कुठल्यातरी फटीत अजून दबून बसलेली असेल तर यावी, चावावी, एक ठिपका पडावा. खाली वाकून पाहिलं. पांढरे शुभ्र. असा स्वच्छ कपडा बघून मला वाईट वाटेल असं मला कुणी कधी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. मी खाली फरशीवर बसलो आणि म्हणालो, "एकही नाही, अप्पा."

मुलगी पेन्सिल खाली ठेवून बघत होती. नऊ वर्षांची आहे आता. तिला अप्पा आठवतात ते घरभर मोजे घालून फिरणारे, डोक्यात काहीतरी झालेले. तसंच आम्ही तिला सांगितलं होतं. "बाबा, काय एकही नाही?" तिनं विचारलं. 'काही नाही' माझ्या ओठांवर आलं होतं. मी तिला खाली माझ्याशेजारी बसायला सांगितलं आणि गालिच्यापासून सुरुवात केली.